मोरा बंदर आणि यंत्राला ऐकू न येणारी टकळी

धातुशोधक यंत्राला टकळी ऐकू येते का? प्रश्न चमत्कारिक आहे. परंतु त्याच्या उत्तरात कापूस, लोकर, कोळ्यांची जाळी, १८७८ चा एक कायदा आणि मराठी मुलखातील सूतकताईचा तीन हजार वर्षांचा इतिहास गुंतलेला आहे. आजचा दीर्घ धागा त्या उत्तराविषयी. ठिकाण : मोरा.

मोरा नावाची ठिकाणे दोन आहेत आणि वाचणाऱ्याचा घोटाळा होऊ नये म्हणून ते आधी सांगितलेले बरे. भाऊच्या धक्क्यावरून सुटणारी लाँच जेथे लागते ते उरणचे मोरा बंदर. तेथे कोळीवाडा आहे, जेट्टी आहे, सागरी पोलीस ठाणे आहे. दुसरे त्याच्या समोरच्या घारापुरी बेटावरचे मोराबंदर. राजबंदर, शेतबंदर आणि मोराबंदर ही त्या बेटावरची तीन गावे. या दुसऱ्या मोऱ्याजवळ प्राचीन विटांचा स्तूप आहे आणि त्याच्या किनाऱ्यावर भूमध्य सागराकडून आलेल्या मद्यकुंभांची खापरे मिळालेली आहेत. दोन्ही मोरे एकाच खाडीकडे तोंड करून बसलेले आहेत.

आता कल्पना करावी, की जुन्या वस्तू शोधण्याचा छंद असलेला एखादा माणूस यंत्र घेऊन उरणच्या मोऱ्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी उतरला. त्याला हवी आहेत सूत कातण्याची जुनी साधने. इंग्लंडमधल्या छांदिष्टांनी जमवलेल्या अशा वस्तूंची छायाचित्रे त्याने पाहिली आहेत. त्याला काय सापडेल?

इंग्लंडचे आधी पाहू. तेथील नांगरलेल्या शेतांत यंत्राला वारंवार सापडणारी एक वस्तू म्हणजे शिशाची भोकाची चकती. रोमन काळापासून मध्ययुगापर्यंत अशा चकत्या टकळीच्या दांडीला बसवीत. १९९६ मध्ये तेथे गुप्तधनाचा नवा कायदा झाला आणि १९९७ पासून सामान्य माणसाला सापडलेल्या लहानसहान पुरावस्तूंची स्वेच्छेने नोंद करण्याची एक योजना सुरू झाली. ब्रिटिश म्युझियम ती चालवते. नोंदींची संख्या दहा लाखांच्या पुढे केव्हाच गेली आहे आणि त्यात या शिशाच्या चकत्या भरपूर आहेत. ज्या बायकांनी त्या फिरवल्या त्यांच्याविषयी दुसरा कोणताही कागद उरलेला नाही. म्हणून त्या नोंदी मोलाच्या.

पण शिसेच का? कारण तेथे कातायची ती मुख्यतः लोकर आणि जवसाचा तंतू. दोन्ही तंतू लांब. लांब तंतूचा धागा ताण सहन करतो, म्हणून जड टकळी हातातून सोडून ती हवेत लोंबकळत फिरू देता येते. तिचे वजनच धागा ओढते आणि पीळ देते. जड, लहान आणि एकसारखी चकती हवी असेल तर शिसे उत्तम : कमी उष्णतेला वितळते, साच्यात ओतता येते आणि खेड्यातल्या चुलीवरही काम होते.

आपल्याकडे कापूस. देशी कापसाचा तंतू आखूड, जेमतेम बोटाच्या एका पेरापर्यंत जाणारा. त्याचा बारीक धागा जड टकळीच्या ओझ्याने तुटतो. म्हणून चकती हलकी हवी आणि धागा नाजूक असेल तर टकळी लोंबकळतीही नको; तिचे टोक शिंपल्यात, वाटीत नाहीतर करवंटीत टेकवून फिरवायचे. ढाक्याच्या मलमलीचे सूत कातणाऱ्या बायका टकळीचे टोक शिंपल्याच्या तुकड्यावरच टेकवीत. हलकी चकती करायला भाजलेली माती, हाड, शिंपला, लाकूड किंवा फुटक्या मडक्याचे खापर घासून गोल केलेला तुकडा पुरतो. शिशाचे काम नाही.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथेच मिळते. मराठी मुलखातील जुनी टकळी मातीची आणि लाकडाची होती. लाकूड कुजले, माती उरली आणि यंत्राला माती ऐकू येत नाही. इंग्लंडचा छंद येथे जसाच्या तसा रुजत नाही याचे कारण कायद्याच्या आधी कापसात आहे.

थोडे टकळीविषयी. बोलघेवड्या माणसाची ‘टकळी सुरू होते’ असे आपण अजून म्हणतो. टकळी पाहिलेली नसलेली मुलेही म्हणतात. एक बारीक दांडी, तिच्या खालच्या अंगाला चकती, वरच्या टोकाला धागा अडकवायला खाच. पिंजलेल्या कापसाचा पेळू डाव्या हातात, उजव्या हाताच्या बोटांनी दांडीला गिरकी. चकती गिरकी टिकवून धरते, दांडी पीळ देते, आणि वीतभर धागा झाला की तो दांडीवर गुंडाळायचा. पुन्हा गिरकी. एका लुगड्याला लागणारे सूत कातणे हे विणण्यापेक्षा कितीतरी अधिक वेळ खाणारे काम होते. पेशवेकालीन कागदांत साळी, कोष्टी, मोमीन अशा विणकरांचे उल्लेख येतात, त्यांच्या मागांवरच्या पट्ट्या येतात. त्या मागांना सूत पुरवणारी बाई मात्र नावानिशी क्वचितच भेटते.

ती भेटते ती जमिनीत. महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननांत, म्हणजे नेवासे, दायमाबाद, इनामगाव या परिसरात, भाजलेल्या मातीच्या टकळीच्या चकत्या मिळाल्या आहेत. काळ साधारण ख्रिस्तपूर्व १५०० ते १०००. संग्रहालयाच्या कपाटात त्या मण्यांच्या शेजारी ठेवलेल्या असतात आणि पाहणारा बहुधा पुढे सरकतो.

नेवाशाला मात्र थांबलेच पाहिजे. १९५४ ते १९५६ या काळात हसमुख सांकळिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे उत्खनन केले. एका लहान मुलाच्या दफनात गळ्याशी तांब्याच्या मण्यांची माळ होती. मणी गंजलेले, हिरवे पडलेले. त्या गंजाच्या आत, मण्यांच्या भोकांत, ज्या धाग्यात ते ओवले होते तो धागा टिकून राहिला होता! तांब्याचे क्षार धाग्यात मुरले आणि त्याला कुजवणारे जीवजंतू त्यांनी दूर ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर तो रेशमाचा निघाला, आणि त्यात कापसाचे तंतूही होते. पुणे जिल्ह्यातील चांडोली येथेही असेच झाले. तेथील तांब्याच्या मण्यांत जवसाच्या तंतूचा धागा मिळाला. मराठी मुलखात तीन हजार वर्षांपूर्वी काय कातले जात होते याचे हे हातात धरता येणारे पुरावे आहेत आणि ते धातूने राखलेले आहेत.

नेवाशाचा धागा तपासणारे ए. एन. गुलाटी यांचा संबंध माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेशी होता. ही प्रयोगशाळा १९२४ मध्ये स्थापन झाली. मोहेंजोदडोच्या एका चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेले कापड खऱ्या कापसाचेच आहे, हे गुलाटी आणि टर्नर यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस तेथेच दाखवून दिले. तेथेही चांदीच्या गंजाने कापड वाचवले होते. सिंधूकाठच्या कापसाची परीक्षा मोऱ्यासमोरच्या मुंबईत झाली, ही गोष्ट मुंबईकरांना फारशी ठाऊक नसते.

धातुशोधक छांदिष्टासाठी यात एक अतिशय व्यावहारिक गोष्ट दडलेली आहे. जमिनीतून तांब्या-पितळेची हिरवी वस्तू हाती आली की आपल्याकडे पहिली इच्छा होते ती चिंच, लिंबू किंवा आमसूल लावून तिला लखलखीत करण्याची. देवाची भांडी घासण्याची ती सवय आहे आणि देवघरात ती योग्यच आहे. जमिनीतून आलेल्या मण्याला मात्र ती घातक. गंज म्हणजे मळ असे आपण समजतो. नेवाशात गंज म्हणजेच पुरावा होता. ती माळ एखाद्या हौशी माणसाच्या हाती लागून चिंचेच्या पाण्यात बुडाली असती तर तांब्याचे चमकदार मणी उरले असते आणि धागा मोरीतून वाहून गेला असता.

आता कोळीवाड्याकडे वळू. मोऱ्याच्या किनाऱ्यावर पाऊस पडून गेल्यानंतर भोक पाडलेली एखादी गोल मातीची किंवा शिशाची चकती वर आली, तर ती टकळीचीच कशावरून? मासेमारीच्या जाळ्यालाही वजने लागतात. विशेषतः पागाला, म्हणजे हाताने फेकायच्या जाळ्याला, कडेने शिशाचे मणी ओवतात. भोकाची गोल वस्तू टकळीची चकती असू शकते, जाळ्याचे वजन असू शकते, मोठा मणी असू शकते किंवा मुलाच्या खेळण्यातले चाकही. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील शिशाच्या चकत्यांबाबतही अभ्यासकांपुढे हाच पेच असतो.

उलगडा वस्तूकडे नीट पाहिल्याने बराचसा होतो. भोक बरोबर मध्यावर नसेल तर टकळी थरथरते आणि धागा तुटतो. म्हणून भोक एका बाजूला सरकलेली चकती कातायला निरुपयोगी. जाळ्याच्या वजनाला त्याने काही बिघडत नाही. दोरीला लटकलेल्या वजनाचे भोक एका अंगाने झिजते. दांडी घट्ट बसवलेल्या चकतीचे भोक सर्व बाजूंनी सारखे राहते. वजन मोजावे, व्यास मोजावा, भोकाची रुंदी दोन्ही तोंडांना मोजावी. एवढे करूनही काही वस्तू मुक्याच राहतात. त्या एकट्या सापडल्या म्हणून. अशी चकती चुलीजवळच्या जमिनीत सापडली तर एक अर्थ, वीस चकत्या एका ओळीत किनाऱ्याच्या वाळूत सापडल्या तर दुसरा.

कोळीवाड्यात हा पेच आणखी गुंततो, कारण तेथे कातणे आणि मासेमारी ही दोन वेगळी कामे नव्हतीच. नायलॉन येण्यापूर्वी जाळी सणाच्या सुताची असत. सण भिजवायचा, झोडायचा, त्याचे तंतू वेगळे करायचे आणि चातीवर पीळ देऊन त्याचे सूत करायचे हे कोळ्यांच्या घरातले नित्याचे काम होते. डोल जाळ्यासारख्या प्रचंड जाळ्याला किती सूत लागत असेल याची कल्पनाच केलेली बरी. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची कंपनी उभी केली आणि दोन वर्षांत गिरणी चालू झाली. त्यानंतर कपड्याचे हातसूत गिरणीच्या सुतापुढे झपाट्याने मागे पडले. गिरण्यांची धुराडी मोऱ्याच्या लाँचमधून दिसत असताना कोळीवाड्यात मात्र सणाला पीळ देणे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टिकले. कापसाची टकळी आधी गेली, जाळ्याची चाती नंतर. कोकणातील हाताच्या सुताचा शेवट कपड्यावर लिहिणे म्हणूनच अपुरे आहे. तो जाळ्यावर लिहायला हवा.

‘चात’ किंवा ‘चाती’ हा शब्द चरख्याच्या लोखंडी सळईलाही आहे. धातुशोधकाला सापडण्याची शक्यता असलेले कातणीचे जुने साधन म्हणजे ही सळई. चरखा, मराठीत रहाट, भारतात केव्हा आला यावर मतभेद आहेत. इरफान हबीब यांच्या मते तो तेराव्या-चौदाव्या शतकाच्या सुमारास आला. त्याचा भारतातील सर्वांत जुना निःसंदिग्ध उल्लेख म्हणून ते ज्या ग्रंथाकडे बोट दाखवतात तो इसामीचा ‘फुतूह-उस-सलातीन’. काळ १३५०. महंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेला हलवले तेव्हा सोळा वर्षांचा इसामी त्या तांड्यातून दख्खनेत आला, आणि पुढे त्याने आपले काव्य पहिला बहमनी सुलतान अलाउद्दीन बहमनशहा याच्या आश्रयाने लिहिले. रझिया सुलतानेवर टीका करताना तो बाईची जागा सिंहासन नसून चरखा असल्याचे सुचवतो. उल्लेख असा कुत्सित आहे. परंतु दख्खनेत बसून लिहिणाऱ्याला १३५० मध्ये चरखा हे बाईचे नेहमीचे साधन वाटत होते, एवढी माहिती त्या कुत्सितपणातूनच मिळते.

या लोखंडी चातीचे दुर्दैव असे, की यंत्र तिला ऐकू शकते आणि तरीही ऐकत नाही. बहुतेक धातुशोधक यंत्रांत लोखंड वगळण्याची सोय असते. जमिनीत खिळे, तारा, बाटल्यांची बुचे इतकी असतात की छांदिष्ट माणूस ती सोय हमखास चालू ठेवतो. त्याला नाणे हवे असते. गंजून वाकडी झालेली चात आणि मोठा खिळा यांत यंत्राला फरक दिसत नाही. शिवाय मोऱ्यासारख्या खाऱ्या, चिखलाच्या किनाऱ्यावर मीठ मुरलेली ओली जमीन स्वतःच वीज वाहून नेते आणि साधी, स्वस्त यंत्रे तेथे उगीचच कुरकुरत राहतात. म्हणजे मातीची चकती ऐकू येत नाही, लोखंडी चात वगळली जाते, आणि उरतो तो समुद्राचा आवाज.

नाणे मिळालेच तर? त्याचेही उदाहरण समोरच्या बेटावर आहे आणि ते या सगळ्या चर्चेच्या मुळाशी जाणारे आहे. सहाव्या शतकातील कलचुरी राजा कृष्णराज याची ३१ तांब्याची नाणी घारापुरी बेटावर मिळाली. अगदी हलक्या किमतीची नाणी. नाणकशास्त्राच्या अभ्यासक शोभना गोखले यांनी असे सुचवले, की लेणे खोदणाऱ्या कामगारांच्या मजुरीसाठी ती वापरली गेली असावीत. घारापुरीचे मुख्य लेणे कोणी खोदवले हे सांगणारा शिलालेख आज उपलब्ध नाही. त्यामुळे ही चिल्लर त्या वादातला एक महत्त्वाचा साक्षीदार ठरली. हीच ३१ नाणी उचलून कोणी मुंबईतल्या नाण्यांच्या बाजारात नेली असती तर प्रत्येक नाण्याला किरकोळ किंमत आली असती आणि लेण्याच्या कर्त्याविषयीचा एक दुवा नाहीसा झाला असता. नाणी तीच राहिली असती. फक्त ‘कोठे’ हा शब्द गळाला असता.

उरणच्या बाजूला हा ‘कोठे’ दुसऱ्या तऱ्हेने गळतो आहे. १९७० नंतर नवी मुंबई उभी राहू लागली, १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, आणि उरण तालुक्यातील खाजणे, मिठागरे, भातखाचरे भरावाखाली गेली. भराव म्हणजे दुसरीकडचा डोंगर फोडून आणलेली माती, मुरूम आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा. अशा भरावात एखादी पितळी टकळी सापडली तर ती उरणची, पनवेलची की मुंबईतल्या पाडलेल्या चाळीची हे कोण सांगणार? यंत्र आवाज करील, वस्तू हाती येईल, आणि ती काहीच सांगणार नाही. या परिसरात जुनी साधने शोधायची तर आधी आपण मूळ जमिनीवर उभे आहोत की भरावावर, हे पाहणे भाग आहे.

कायद्याचे थोडक्यात. १८७८ चा गुप्तधन कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडलेली, कोणत्याही मूल्याची वस्तू म्हणजे गुप्तधन. आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. ही दहा रुपयांची मर्यादा अजून बदललेली नाही, त्यामुळे आज जवळजवळ प्रत्येक वस्तू तिच्यात बसते. कळवताना वस्तू काय, कोठे सापडली आणि कोणत्या तारखेला सापडली हे द्यावे लागते. एकोणिसाव्या शतकातल्या महसुली डोक्याने लिहिलेला हा कायदा. त्याला हवे होते सोने आणि त्यातला सरकारचा हक्क. तरीही त्याने विचारलेले तीन प्रश्न नेमके पुरातत्त्वज्ञाचे आहेत. न कळवल्यास आपला वाटा गमावण्याबरोबर एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते.

दुसरा कायदा १९५८ चा, प्राचीन स्मारकांचा. संरक्षित क्षेत्रात परवान्याविना खणता येत नाही. घारापुरीचे लेणे असे संरक्षित स्मारक आहे, आणि १९८७ पासून जागतिक वारसास्थळही. तिसरा १९७२ चा, पुरावस्तूंचा. तो १९७६ पासून अमलात आला. शंभर वर्षे जुनी वस्तू म्हणजे पुरावस्तू, अशी त्याची सर्वसाधारण व्याख्या. परंतु नोंदणीची सक्ती मूर्ती, चित्रे, सचित्र हस्तलिखिते अशा ठरावीक वर्गांनाच आहे. टकळीची साधी मातीची चकती तीन हजार वर्षांची असली तरी त्या यादीत बसत नाही. ती पुरावस्तू आहे, तिला परदेशी नेणे गुन्हा आहे, पण ती कोणाच्या घरात किती आहेत याची नोंद नाही. कायद्याने मूर्ती मोजल्या, सूत मोजले नाही.

मोऱ्याच्या किनाऱ्याला आणखी एक मर्यादा आहे आणि ती इतिहासाची नाही. शेजारी करंजाला नौदलाचे शस्त्रागार आहे. यंत्र घेऊन खाडीच्या काठाने फिरणाऱ्या माणसाला तेथे इतिहासाविषयी प्रश्न विचारले जाणार नाहीत, एवढे सांगून पुढे जाऊ.

मग हौशी माणसाने काय जमवायचेच नाही? महाराष्ट्राचा अनुभव याच्या उलट आहे. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ग्रीक नाविकाच्या ‘पेरिप्लस’मध्ये तगराहून भडोच बंदराकडे जाणाऱ्या मालात जाडेभरडे कापड आणि मलमल यांचा उल्लेख आहे, म्हणजे तेरच्या परिसरात कातणारे हात किती असतील याचा अंदाज करावा. या तेरच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडांतून मिळणाऱ्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. त्यांच्या हाती यंत्र नव्हते. पाऊस माती धुऊन नेतो, नांगर वस्तू वर आणतो, शेतकरी आणून देतो. आणि गावातला माणूस जपून ठेवतो. त्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती पाँपेई येथे सापडलेल्या भारतीय मूर्तीशी ताडून पाहिली जाते. संग्रह आज तेरमध्येच, त्यांच्या नावाच्या शासकीय वस्तुसंग्रहालयात आहे. तो गावाबाहेर गेला नाही ही त्याची सर्वांत मोठी किंमत. प्रत्येक वस्तूचा थर माहीत नसला तरी गाव माहीत आहे.

दिनकर गंगाधर केळकर यांनी वेगळा मार्ग धरला. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या गृहस्थांनी माजघरातून, माळ्यावरून, जुन्या बाजारातून अडकित्ते, दिवे, करंडे, फण्या, भांडी जमवली आणि पुण्याचे राजा केळकर संग्रहालय उभे राहिले. जमीन खणण्याची त्यांना गरजच पडली नाही. घरात वापरून टाकलेली वस्तू ही सुद्धा इतिहास आहे, हे मराठी माणसाला त्यांनी शिकवले. कातणीच्या साधनांच्या बाबतीत हाच मार्ग सर्वांत फलदायी आहे, कारण पितळी टकळ्या आणि पेटीचरखे अजून माळ्यांवर आहेत.

त्यांचा काळ ध्यानात घ्यावा. डिसेंबर १९२४ मध्ये बेळगाव येथे गांधींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि सभासदत्वासाठी दरमहा दोन हजार वार सूत देण्याची अट मान्य झाली. स्वतः कातावे नाहीतर दुसऱ्याकडून कातून आणावे. वर्षभरातच ही सक्ती सैल करावी लागली. १९२५ मध्ये अखिल भारत चरखा संघ स्थापन झाला आणि कातण्याचे काम त्याच्याकडे गेले. राजकीय पक्षाची वर्गणी सुतात मोजण्याचा हा प्रयोग फसला हे मान्य करायला हवे. परंतु त्या प्रयोगाने टकळी बाईच्या हातातून वकिलाच्या, विद्यार्थ्याच्या, कैद्याच्या हातात आणली. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगात गांधी कातत होते. पेटीत मिटणारा ‘येरवडा चरखा’ त्याच काळातला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला उरणजवळ चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसे मेली. पुढे १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर टकळी शाळेच्या अभ्यासक्रमात शिरली. स्वातंत्र्यानंतरही अनेक मराठी शाळांत सूतकताईचा तास होता. आज सत्तरी-ऐंशीत असलेल्यांना पेळूची पिशवी आणि तुटणारा धागा चांगला आठवतो.

या टकळ्या पितळी चकतीच्या आणि पोलादी दांडीच्या होत्या. गरिबाची टकळी बांबूची काडी आणि पाटीचा किंवा कौलाचा घासून गोल केलेला तुकडा. नेवाशाच्या बाईने खापराला भोक पाडले होते तसेच. पितळीची मात्र यंत्राला चाहूल लागते. म्हणजे तीन हजार वर्षांच्या कातणीतला यंत्राला स्पष्ट ऐकू येणारा तुकडा जेमतेम काही दशकांचा आहे, आणि तो खादीच्या चळवळीचा आहे.

त्या काळातील चरख्याला आज काय किंमत येऊ शकते हे २०१३ मध्ये दिसले. गांधींनी येरवड्यात वापरलेला एक चरखा त्यांनी फ्लॉइड पफर या अमेरिकन मिशनऱ्याला दिला होता. इंग्लंडमधल्या लिलावात त्याला १ लाख १० हजार पौंड मिळाले. लाकूड, तार आणि दोन चाके. बाकी सगळी किंमत ‘कोणाचा’ आणि ‘कोठला’ या दोन शब्दांची. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात, ज्याचे उद्घाटन गांधींनी ३० डिसेंबर १९३८ रोजी केले, कातणीच्या साधनांच्या कितीतरी तऱ्हा पाहायला मिळतात. त्यांतल्या बहुतेकींना लिलावात कोणी विचारणार नाही. पण टकळी कशी बदलत गेली हे समजून घ्यायचे असेल तर लिलावाच्या यादीपेक्षा वर्ध्याचे तिकीट काढावे.

माळ्यावरची टकळी उतरवणाऱ्यांसाठी एवढेच. पितळ घासू नये. दांडीवर गुंडाळलेला जुना धागा राहिला असेल तर तो उलगडू नये. पिळाची दिशा आणि जाडी त्यातच आहे. कोणाची, कोणत्या गावची, शाळेतली की चळवळीतली, हे त्या घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला विचारून चिठ्ठीवर लिहावे आणि चिठ्ठी टकळीला सुतानेच बांधावी. हे विचारायला आता फार वर्षे उरलेली नाहीत. १९३० च्या सत्याग्रहाच्या वर्षी घडवलेली टकळी २०३० मध्ये शंभर वर्षांची होईल, आणि कायद्याच्या भाषेत त्या दिवसापासून पुरावस्तू.